जोनबाईंचे साठ फाटके कोट

लखनौला गोरे यायचे ते सत्तावनचा गदर करायला. म्हणजे पडद्यावर. नव्वदच्या दशकात मी त्यांची सहा युनिटं सांभाळली, त्यांतल्या चारांनी गदरच केला. राज्य गेलं ते गेलं, पण दर दोन वर्षांनी रीतसर परवानगी काढून इथे यायचं आणि पुन्हा एकदा वेढ्यात अडकवून घ्यायचं, ह्याची ह्या लोकांना भारी हौस. परवानगीचा अर्ज टाइप करायचो मी.

मी मूळचा मिरजेचा. एअर फोर्समध्ये स्टोअर्सला होतो, शेवटचं पोस्टिंग लखनौजवळचं बख्शी का तालाब. सार्जंट म्हणून रिटायर झालो, आलमबागेत दोन खोल्या बांधल्या आणि गावी परत जायचं राहूनच गेलं. तोवर पोरगी पक्की लखनौची झाली होती. मी मराठीत ओरडलो की ती "हाँ बाबा, सुन लिया" म्हणायची आणि ऐकायची नाही. रिकामपणी घरात बसून बायकोच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होतो. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी काम बघा हो. मला माझी जिरे-मोहरी ओळखता येते."

तेव्हा एका ओळखीनं हे काम आलं. हुद्दा लोकेशन मॅनेजर. ऐकायला भारी, पण अर्थ एवढाच की पडद्यावर जे दिसायला नको ते हलवायचं. टीव्हीच्या अँटेना, बनियनच्या जाहिराती, बिजलीच्या तारा, आणि गच्च्यांवर चढून बसलेला सगळा मोहल्ला. एकदा चौकातल्या एका खाँसाहेबांनी अँटेना काढायला साफ नकार दिला. म्हणाले, "मियाँ, मैच चल रहा है. आपका गदर दो घंटे बाद भी हो जाएगा." मी घाबरत घाबरत डायरेक्टरला सांगितलं. त्यानं विचारलं, "स्कोअर काय झालाय?" मी सांगितला. त्यानं घड्याळ बघितलं, लंच जाहीर केला आणि स्वतः खाँसाहेबांच्या गच्चीवर जाऊन बसला. वेढ्यातले दोन मेजर आणि एक कर्नलही गेले.

खरं बोलायचं तर काम शिकावं ते ह्यांच्याकडून. आपल्याकडे एका लग्नाला जेवढी आरडाओरड होते तेवढी ह्यांच्या अख्ख्या लढाईला होत नसे. उद्या कोण किती वाजता कुठे उभा राहणार, ह्याचा कागद आदल्या संध्याकाळीच प्रत्येकाच्या हातात. बटण कुठल्या पलटणीचं, घड्याळाची साखळी कुठल्या खिशात, ह्यावर दोन शहाणी माणसं तासभर शांतपणे वाद घालत. सुतार डायरेक्टरला "हे दार असं उघडायचं नाही" म्हणे, आणि डायरेक्टर ऐके! आमच्या सर्व्हिसमध्ये असं बोललेला सुतार दुसऱ्या दिवशी आसामात तेजपूरला गेला असता.

मग एक दिवस मी चूक केली. चहाच्या वेळी सहज विचारलं, "तुम्ही पर्मनंट किती वर्षांपासून?" आपल्याकडे हा प्रश्न नाव विचारल्यावर लगेच विचारतात, त्यात गैर काही नाही. कॅमेरावाला हसला. तो पर्मनंट नव्हता. साउंडवाला नव्हता. सुतार नव्हता. डायरेक्टर, ज्याच्यासाठी कलेक्टर खुर्ची सोडून उठत, तोही नव्हता. सगळे बोलावलं तर येणारे. आज हे काम, उद्या घरी बसून फोनची वाट बघायची. चाळीस माणसांत पर्मनंट असा एकटा मीच निघालो, तोही रिटायर्ड.

"आणि कंपनी?" मी विचारलं. कंपनी ह्या मालिकेपुरतीच काढलेली होती. मालिका संपली की कंपनीही बंद. पैसा थोडा लंडनच्या चॅनेलचा, बराचसा अमेरिकेतल्या कुणाचा. म्हणजे डोलारा केवढा, आणि तो उभा कशावर, तर तिकडे खुर्चीवर बसलेल्या एका साहेबाच्या मर्जीवर. घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, "अगं, एवढे मोठे साहेब, पण सगळे रोजंदारीवर आहेत." ती म्हणाली, "हाय राम! मग ह्यांच्या मुलींची लग्नं कशी होतात?"

हे सगळं ठाऊक असताना मी जे केलं ते सांगायला आज बसलोय.

तिसरं युनिट होतं. अर्थातच गदर. त्यातला मोठा देखावा असा की कंपनी सरकारची एक तुकडी मार खाऊन सरसोंच्या शेतातून परत येते. साठ शिपाई, लाल बनातीचे कोट. कोट लंडनहून मोठमोठ्या पेट्यांतून दिल्लीला आणि तिथून चारबाग स्टेशनावर आले. कपडेपटाच्या बाई, नाव जोन, त्यांच्याबरोबर यायच्या होत्या, पण दिल्लीत उतरल्या उतरल्या त्यांचं पोट बिघडलं. त्यांनी माझ्याकडे किल्ल्या पाठवल्या आणि सोबत चिठ्ठी. कोट पेट्यांतून काढून हवेवर टांगा. एवढंच.

बख्शी का तालाबच्या वाटेवर एक जुनी कोठी भाड्यानं घेतली होती. तिथे पेट्या उघडल्या आणि मी कपाळाला हात लावला. एकही कोट धड नाही! कोपरं फाटलेली, कॉलरी जळालेल्या, बाही खांद्यापासून लोंबतेय, पाठीत चीर. वर प्रत्येक कोटाला व्यवस्थित चिठ्ठी बांधलेली. डावी बाही, तलवारीनं फाटलेली. उजवं कोपर, झिजलेलं. कॉलर, भाजलेली.

आता स्टोअर्सच्या माणसाला ह्याचा एकच अर्थ कळतो. आमच्याकडे नादुरुस्त मालाला चिठ्ठी लागते, तिच्यावर दोष लिहितात आणि माल दुरुस्तीला जातो. चिठ्ठीवाला माल इश्यू करणं हा गुन्हा. मी म्हटलं, वा! बाईंचं काम चोख आहे. दोष नोंदवून माल पाठवलाय, दुरुस्ती आपल्याकडे. बिचाऱ्या आजारी पडल्या म्हणून सांगायचं राहिलं असेल. चार दिवस हातात आहेत. येतील तेव्हा बघून खूश होतील.

चौकातून पुत्तन मियाँना बोलावलं. रफूगर. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्या रफू चालत आलेला. मियाँ, दोन भाऊ, तीन भाचे, असे सहा जण कोठीच्या व्हरांड्यात बसले. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर पुन्हा कापड विणायचं, असं ते काम. चौथ्या दिवशी मियाँनी एक कोट माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ढूँढ लीजिए, साहब." मी चष्मा लावला, उन्हात नेला, उलटा केला. नाही सापडलं. धोब्याकडून इस्त्री करवली. पितळी बटणं मी स्वतः घासली. साठ कोट मापाप्रमाणे ओळीत टांगले आणि प्रत्येकाला माझी चिठ्ठी लावली: दुरुस्त, वापरण्यास योग्य. खाली सही. ऊर भरून आला होता माझा, खोटं कशाला सांगू!

दुपारी जोनबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, बारीक, केस कसेतरी बांधलेले, दहाही बोटं रंगानं काळीनिळी. दारात थांबल्या. ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि रिकाम्या पेटीवर बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, सगळे सर्व्हिसेबल."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे जुने करायला मला चार महिने लागले."

मग मला कळलं. कोट नवेच शिवले होते. ते जुने करणं हाच बाईंचा धंदा. खिसणीनं घासायचे, तारेच्या ब्रशनं झिजवायचे, चहात बुडवायचे, मेणबत्तीनं जाळायचे. कुठला शिपाई गुडघे टेकून लढला, कुणाची बाही तलवारीनं गेली, कोण जखमी मित्राला खांद्यावरून आणतोय, हे सगळं कोटावर दिसलं पाहिजे. साठ कोट म्हणजे साठ माणसांच्या कथा होत्या. त्या मी रफू केल्या, इस्त्री केल्या आणि वर सही ठोकली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचं तर माझा मारुतीही बटणं घासलेला.

बाहेर जीप थांबली. प्रोड्यूसर आला होता. जोनबाई उठल्या आणि भराभर माझ्या चिठ्ठ्या काढून ॲप्रनच्या खिशात कोंबायला लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, हे काय?" म्हणाल्या, "सार्जंट, दोघांनी बुडून काय होणार आहे?" साठच्या साठ काढल्या.

प्रोड्यूसर तरुण होता, नाव रॉडनी. त्यानं कोट बघितले, पुत्तन मियाँना बघितलं आणि मला म्हणाला, "विचार ह्यांना, दुरुस्त करायला कुणी सांगितलं?"

इथे जरा थांबतो. कारण इथे मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी मियाँकडे वळलो आणि विचारलं, "साहब पूछ रहे हैं, ये सब उधेड़ना पड़े तो कितने दिन लगेंगे?"

मियाँ म्हणाले, "उधेड़ना? ला हौल... दो दिन."

मी रॉडनीला इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, फाटलेले कपडे दिसले म्हणून शिवले. स्थानिक लोक आहेत, साहेब. गैरसमज झाला."

रॉडनी जोनबाईंकडे वळला. "किल्ल्या तुमच्या ताब्यात असायला हव्या होत्या. खातं तुमचं." बाई म्हणाल्या, "हो. खातं माझं." आणि माझ्याकडे एकदा बघून परत कोटांकडे बघायला लागल्या.

का बोललो नाही? पगाराचं भय नव्हतं, पेन्शन होतीच. भय अब्रूचं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी लंडनच्या कंपनीतला साहेब म्हणून पहिल्या रांगेत बसायचो. बायको हळदीकुंकवाला "आमच्या ह्यांच्यावाचून त्यांचं पानसुद्धा हलत नाही" म्हणायची. शिवाय पुढचं युनिट मागच्या युनिटच्या शिफारशीवर येतं, हेही मला पुरतं कळलं होतं. म्हणजे त्यांच्या धंद्यातली कमजोरी मी बरोबर ओळखली आणि स्वतःपुरती वापरली. मूग गिळून गप्प बसलो.

रफू उसवायचा म्हटल्यावर पुत्तन मियाँ अडून बसले. "साहब, मेरे वालिद कहते थे, जो रफू दिख जाए उस हाथ पर लानत. और आप कह रहे हैं कि सुराख वापस करो?" मी समजावलं, विनवलं. शेवटी जोनबाईंनीच एक कोट उचलला, खिडकीशी नेला आणि बोटांनी कितीतरी वेळ चाचपत राहिल्या. भोक कुठे होतं ते त्यांनाही सापडेना, आणि भोक त्यांनीच पाडलेलं! त्यांनी मियाँचा हात धरला आणि काही न बोलता हलवला. मियाँ मला म्हणाले, "बीबी कारीगर हैं." आणि सुई घेऊन बसले.

दोन दिवस ती दोघं एका टेबलाशी होती. ह्यांना इंग्रजी नाही, त्यांना हिंदी नाही. मियाँ धागा ओढून दाखवत, इथे होतं. बाई मान हलवत, घासत, जाळत. अडलं की हातवारे, नाहीतर चहा. मी आपला उगाच फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या दिवशी सरसोंच्या शेतात साठ शिपाई मान खाली घालून चालत आले तेव्हा माझ्या ओळखीचे भाडोत्री लोक मला ओळखू येईनात. कोट पहिल्यापेक्षा जास्त थकलेले दिसत होते. पहिल्या टेकला वरून एअर फोर्सचं विमान गेलं, दुसरा ओके झाला. डायरेक्टर जोनबाईंकडे चालत गेला आणि त्यानं टोपी काढली.

मला वाटलं, चला, निभावलं! घरी जाऊन दोन वाट्या श्रीखंड हाणलं.

पण रॉडनीनं लंडनला फॅक्स पहिल्याच दिवशी केला होता. तो काही दुष्ट नव्हता. वरून विचारणा होणार, एक नाव द्यावं लागणार, त्यानं दिलं. त्याचीही नोकरी तेवढीच कच्ची. पुढच्या आठवड्यात कपडेपटाला दुसरी बाई आली आणि जोनबाईंना मोकळं केलं. हा त्या लोकांचा शब्द. काढलं म्हणत नाहीत, मोकळं केलं म्हणतात.

चारबागला त्यांना सोडायला मीच गेलो. गाडी यायच्या आधी सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. गाडी चाळीस मिनिटं लेट होती, म्हणजे रेल्वेनंसुद्धा मला मुदत वाढवून दिली. मी त्यांना चिकनची साडी दिली, पाण्याची बाटली दिली, दिल्लीला कुठला फलाट लागेल ते तीनदा सांगितलं. तेवढं सोडून सगळं बोललो.

महिन्याभरानं लंडनच्या चॅनेलमध्ये नवा साहेब खुर्चीवर आला. त्याला जुन्या साहेबाचं काहीच आवडेना. अमेरिकेच्या पैशावाल्यांनी विचारलं, ह्यात आमचा हीरो कोण? कुणीच नव्हता. मालिका बंद पडली. एवढे कसबी लोक, बटणावरून तासभर वाद घालणारे, चार दिवसांत सामान आवरून गेले. ती सरसोंतली तुकडी कुणीही कधी बघितली नाही. मला वाईट वाटलं आणि, लाज वाटते सांगायला, हायसंही वाटलं. सगळ्यांनाच मोकळं केलं ना, मग एका बाईचं आधी झालं तर काय मोठंसं? असं मी मनाला समजावलं. मन तयारच होतं.

दोन-अडीच वर्षांनी पुढचं युनिट आलं. लंचला मेकअपवाली एक मुलगी मला म्हणाली, "लखनौ म्हणजे तेच ना, जिथे फाटके कोट रफू केले?" आणि तिनं अख्खा किस्सा सांगितला. लंडनच्या सगळ्या कँटीनमध्ये म्हणे हा किस्सा चालतो. त्यात साठाचे दोनशे कोट झाले होते. पुत्तन मियाँचे आंधळे म्हातारे बुवा झाले होते. मी त्यात नव्हतोच. जोनबाई मात्र नावानिशी होत्या: किल्ल्या कुणाकडेही देणारी बावळट बाई. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. एकजण म्हणाला, "पण त्या कुठे असतात हल्ली?" मुलगी म्हणाली, "कुणास ठाऊक. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलंच नाही."

मालिका मेली, कंपनी बुडाली, रीळं कुठल्या तळघरात पडली. आणि टिकलं काय, तर मी बोललेलं खोटं.

त्या मुलीकडून शोधत शोधत फोन नंबर मिळवला. आलमबागच्या एसटीडी बूथवर जाऊन लावला. काचेबाहेर दोन गिऱ्हाइकं घड्याळ बघत उभी. जोनबाईंनीच उचलला. मी म्हटलं, "मॅडम, लखनौहून सार्जंट बोलतोय." त्या खूश झाल्या! मियाँची तब्येत विचारली. एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात असतात म्हणाल्या, फाटलेल्या चादरी शिवतात. "आणि सार्जंट, पर्मनंट. पेन्शनसुद्धा आहे."

मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी आता लिहून देतो. सही करून देतो. कुणाला पाठवू ते सांगा."

त्या म्हणाल्या, "कंपनी तर बंद झाली. रॉडनी आता घरं विकतो. चॅनेलमध्ये तेव्हाचं कोणी उरलं नाही. कुणाला पाठवणार?" त्या खरोखरच विचार करत होत्या, टोमणा नव्हता.

आमच्या सर्व्हिसमध्ये माणसाच्या नावावर लाल शाईची नोंद झाली तर ती खोडायला अर्ज करता येतो. कागद असतो, कागदाला नंबर असतो, वर साहेब असतो, त्याच्या वर साहेब असतो. एकेकाळी मी त्या कारकुनीला कंटाळलो होतो. जोनबाईंच्या धंद्यात कागदच नाही. त्यांच्याकडे साठ माणसांची थकावट कापडावर उतरवणारे हात आहेत, पण त्या हातांबद्दल कुणी खोटं सांगितलं तर ते खोडायचं कुठे, ह्याला खिडकी नाही. तोंडातोंडी गेलेलं तोंडातोंडीच राहतं.

पुत्तन मियाँ आता नाहीत. जोनबाईंचा तो नंबर नंतर लागेना. म्हणून हे इथे लिहितोय, मराठीत, दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला, जिथे लंडनच्या कँटीनमधलं कुणी फिरकणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. भित्रा माणूस कबुलीसुद्धा सोयीची जागा बघून देतो. तरी देतो. ते साठ कोट रफूला मी दिले होते. किल्ल्या बाईंनी हवेवर टांगण्यासाठी पाठवल्या होत्या, त्यांची काहीही चूक नव्हती. खाली सही माझी.